अपघात चंदगड हद्दीत, घर बेळगाव जिल्ह्यात: नुकसानभरपाईचा दावा कुठं आणि कसा करायचा?

खानापूरकर_27

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. माझा आतेभाऊ गवंडीकाम करतो, वय 27, घर खानापूर तालुक्यात. चंदगडकडचं एक काम आटोपून मोटरसायकलवरून परत येत होता. शिनोळीच्या अलीकडं वेंगुर्ला रस्त्यावर समोरून एमएच-09 नंबरचा टेम्पो दुसऱ्या गाडीला ओव्हरटेक करत आला आणि ह्याला उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. लोकांनी उचलून थेट बेळगावला आणलं, सगळे उपचार इथंच झाले. गुन्हा चंदगड हद्दीत नोंद आहे.

आता चौथा महिना चालू आहे. काठी घेऊन चालतो, पण परांचीवर चढणं, ओझं उचलणं बंद. घरात कमावणारा तोच. टेम्पोमालक दोनदा घरी येऊन गेला. "केस करू नका, दवाखान्याचं काय झालं ते देतो, बाँडवर सही करा" म्हणतो. आत्या घाबरलीय, म्हणते महाराष्ट्रातल्या कोर्टात कोण हेलपाटे घालणार.

प्रश्न असे: दावा चंदगड-गडहिंग्लजकडंच करावा लागतो की बेळगावात चालतो? मुदत किती? आणि बाँडवर सही करावी का?

घटप्रभा_काठ

पहिलं काम: सही करू नका. बाकीचं नंतर बोलू.

शिवारातला

मी वेगळं बोलतो. आमच्या भावकीत असाच अपघात झाला, दावा लावला, किती वर्षं गेली. तारखेला गेलं की पुढची तारीख. मालक स्वतः दारात येऊलालाय तर पंच बसवून रोख घ्यावं आणि मोकळं व्हावं. गवंड्याच्या घराला आज पैसा पाहिजे, पाच वर्षांनी नाही.

शहापूरची_वकील

बेळगावच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जागेचं आधी. मोटार वाहन कायदा 1988, कलम 166. अपघात जिथं झाला तिथं, किंवा जखमी माणूस जिथं राहतो अथवा कामधंदा करतो तिथं, किंवा समोरचा पक्ष जिथं राहतो तिथं, असे तीन पर्याय कायद्यानंच दिलेत, आणि निवड जखमी माणसाची. तुमचा भाऊ खानापूर तालुक्यात राहतो, म्हणजे दावा बेळगाव जिल्ह्यातच होतो. आत्यांना सांगा, राज्याची हद्द इथं आडवी येत नाही. टेम्पो महाराष्ट्राचा असला तरी त्याची विमा कंपनी इथं येऊन बाजू मांडेल, ते तिचं रोजचं काम आहे.

पुढं अपिलाची वेळ आली तर मात्र फरक पडतो. बेळगावच्या निकालावरचं अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडं जातं. गडहिंग्लजला दावा केला असता तर ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं गेलं असतं, जे 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालंय.

मुदत. इथं घाई करा. 1994 च्या दुरुस्तीनं मुदतीची अट काढून टाकली होती, त्यामुळं "कधीही करता येतं" हे गावोगाव लोकांच्या डोक्यात बसलंय. 2019 च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आणली, आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झालाय. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी थांबू नये. तुमचा चौथा महिना चालू आहे म्हणता ना, मग ह्याच महिन्यात दाखल करा. व्याजसुद्धा साधारणपणे दावा दाखल झाल्या तारखेपासून धरतात, त्यामुळं थांबण्यात नुकसानच आहे.

बाँडबद्दल घटप्रभा_काठ म्हणाले तेच.

टिळकवाडी_जुने

मी विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालो. शिवारातला यांना आदरानं सांगतो, मालकाच्या गाडीचा विमा चालू असेल आणि ड्रायव्हरचं लायसन्स ठीक असेल तर ही रक्कम मालकाच्या खिशातून जातच नाही, कंपनी भरते. मग तो दारात का येतो? अशा वेळी माझ्या मनात पहिला संशय येतो की विमा संपलेला आहे, किंवा गाडी चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, विमा कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसतं.

लायसन्स नसलं तरी सगळं बुडालं असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वरण सिंग खटल्यापासून, म्हणजे 2004 पासून, अशा बऱ्याच प्रकरणांत कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. टेम्पोसारख्या गाडीला साधं कारचं लायसन्स चालतं का हाही वाद होता. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं ठरवलं की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या गाडीला ते चालतं. विमाच नसेल तर मात्र सगळं मालकावर येतं, आणि त्याच्याकडून वसूल करणं जिकिरीचं असतं.

निपाणी_नाका

पैशाच्या, मुदतीच्या गोष्टी वकील बघतील. मी कागदाचं सांगतो, कारण आमच्या घरात त्यानं फार त्रास झाला.

वडिलांना हायवेवर कारनं मागून ठोकलं. शेजारच्या टपरीवाल्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तो बिचारा म्हणाला "गाडीवरून पडले". त्यानं ठोकर बघितलीच नव्हती. केसपेपरवर तेच इंग्रजीत उतरलं, मोटरसायकल घसरून पडले. डिस्चार्ज कार्डावरही तेच छापून आलं. पोलिसांत फिर्याद तीन दिवसांनी झाली, कारण आम्ही सगळे आयसीयूच्या बाहेर बसलेलो. साक्षीच्या वेळी कंपनीच्या वकिलानं फक्त तो एक कागद पुढं धरला. "घसरून पडले असं तुमच्याच माणसानं सांगितलंय, कार तीन दिवसांनी कुठून आली?" कारच्या बंपरचा पंचनामा, रिक्षावाल्याची साक्ष, एवढं सगळं उभं करताना आम्हाला नाकी नऊ आले.

तेव्हा खानापूरकर, आज जाऊन पहिला केसपेपर आणि दवाखान्यानं पोलिसांना दिलेली खबर, दोन्हीत काय लिहिलंय ते वाचा. त्यात "रस्ता अपघात, टेम्पोची धडक" असं आहे का बघा.

शहापूरची_वकील

निपाणी_नाका यांचा प्रतिसाद सगळ्यांनी नीट वाचावा. माझ्याकडं येणाऱ्या दाव्यांत वाद बहुतेक वेळा कायद्याचा नसतोच, पहिल्या दोन दिवसांत कुणी काय लिहून घेतलं त्याचा असतो.

आपल्या भागात त्यात आणखी एक गुंता आहे. अपघात चंदगड हद्दीत, माणूस बेळगावच्या दवाखान्यात. दवाखान्याची खबर इथल्या पोलिसांना जाते, ते कॉटजवळ येऊन जबाब घेतात तो कन्नडमध्ये, आणि कागद पुढं चंदगडला जातात. तिथली फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र मराठीत. मग बेळगावच्या कोर्टात मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. त्यात कन्नड जबाबात "डाव्या बाजूनं" आणि मराठी फिर्यादीत "उजव्या बाजूनं" असं निघालं, की उलटतपासणीत अर्धा दिवस त्यावरच जातो. भाऊंचा कन्नड जबाब झाला असेल तर त्याची प्रत मिळवा आणि कन्नड जाणणाऱ्याकडून शब्द न् शब्द वाचून घ्या.

खानापूरकर_27

जबाब झालाय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोलीस आले होते, त्यानं सही केली. काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही, कन्नड वाचता येत नाही.

सीमाभाग_एक

हेच तर आपलं दुखणं. वर्षानुवर्षं मराठीत कागद मागतोय, कोण ऐकतं? आपल्याच गावात आपल्याला न कळणाऱ्या कागदावर अंगठा.

हुक्केरी_मास्तर

सीमाभाग, दुखणं खरं आहे, पण त्या पोलिसानं मुद्दाम काही केलं असं धरू नका. आमच्या हुक्केरी-संकेश्वर भागात निम्मे हवालदार मराठी उत्तम बोलतात. सही करायच्या आधी "साहेब, वाचून दाखवा आणि मराठीत सांगा" म्हटलं तर सांगतात, माझा अनुभव आहे. तो आपला हक्कही आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर देणाऱ्याला वाचून दाखवायची, आणि प्रत विनामूल्य द्यायची. हद्द कुठलीही असो, खबर घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. आम्ही शाळेत पालकांच्या बैठकीत हे सांगतो.

संपादक_मंडळ

भाषेच्या हक्काचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र धागा आहे. इथं दाव्याबद्दल बोलू या.

उसाचा_फड

धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमच्या पट्ट्यात हंगाम चालू झाला की रोज रात्री उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रेलर, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. गेल्या हंगामात ट्रेलरवर बसलेला तोडणी कामगार पडून गेला. विमा कंपनी म्हणते ट्रेलरवर बसायची परवानगीच नाही. मग त्याच्या बायकोनं काय करायचं?

टिळकवाडी_जुने

ट्रॅक्टर-ट्रेलर माणसं वाहून न्यायला नाही, त्यामुळं कंपनी हात वर करते आणि बऱ्याचदा तिचं खरंही ठरतं. पण तो तिथं कामावर होता का, हा वेगळा प्रश्न आहे. कामावर असेल तर कर्मचारी भरपाईचा कायदा आहे, आधी 1923 चा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 आलीय. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, काम करताना आणि कामामुळं अपघात झाला एवढं दाखवायचं. मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्म्याला वयानुसारच्या गुणकानं गुणतात. मुदत दोन वर्षं. मोटार कायदा किंवा हा कायदा, दोन्हीपैकी एकच वाट धरता येते, म्हणून आधी पॉलिसीची प्रत बघा आणि मग ठरवा.

शहापूरची_वकील

भर घालते. त्या ताईंना वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, मुलं यांनाही. बेळगावात जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि 15100 हा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक.

मलप्रभा_वाळवंट

माझ्या मेहुण्यांना रात्री अज्ञात गाडीनं उडवलं, नंबर कुणी बघितला नाही. जागीच गेले. पोलीस म्हणतात गाडी सापडत नाही. मग दावा कुणावर करायचा?

टिळकवाडी_जुने

फार वाईट झालं. ह्यासाठी वेगळी योजना आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 161. गाडी पळून गेली असेल तर मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. 1 एप्रिल 2022 च्या आधी हे 25 हजार आणि साडेबारा हजार होतं. अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडं करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वारसाचं बँक पासबुक तयार ठेवा. पुढं गाडी सापडली तर पूर्ण दावा करता येतो, मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

मलप्रभा_वाळवंट

तहसील कचेरीत असं काही मिळतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. बहिणीला घेऊन जातो.

शेतकरी_पोर

एक सुचवू का? गाडी सापडत नसेल तर ओळखीतल्या कुणाची विमा असलेली गाडी दाखवायची. आमच्याकडं करतात लोक.

शहापूरची_वकील

नाही. हा गुन्हा आहे आणि त्यात विधवा बाई अडकते, सल्ला देणारा नाही. खोटा दावा पकडला गेला की रक्कम जाते, फौजदारी लागते, आणि त्यानंतर येणाऱ्या खऱ्या दाव्याकडंही संशयानं बघितलं जातं. कृपया असं कुणाला सांगू नका.

खानापूरकर_27

शहापूरची_वकील ताई, दोन गोष्टी लपवत नाही. भावाकडं त्या दिवशी लायसन्स नव्हतं, मुदत संपलेली. हेल्मेटही नव्हतं. यावरून दावा फेटाळतील का?

शहापूरची_वकील

फेटाळणार नाहीत. लायसन्स नव्हतं म्हणून दंड होईल, पण लायसन्स नाही एवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये हे सांगितलंय. टेम्पो चुकीच्या बाजूला आला हे पंचनाम्यातल्या नकाशावर दिसायला हवं, तेवढं तपासा. हेल्मेटचं म्हणाल तर दुखापत मांडीला आहे, डोक्याला नाही. हेल्मेट असतं तर मांडी वाचली असती असं कोण म्हणेल?

आता रक्कम कशी ठरते ते सांगते, म्हणजे टेम्पोमालक जे देतोय त्याच्याशी ताडून बघता येईल. समजा कोर्टानं मासिक उत्पन्न 15 हजार धरलं. वर्षाचे 1 लाख 80 हजार. सरला वर्मा खटल्याच्या तक्त्याप्रमाणे 26 ते 30 वयाला गुणक 17. गुणाकार 30 लाख 60 हजार. ह्यातला किती टक्के धरायचा हे अपंगत्वावर ठरतं. कामावर 20 टक्के परिणाम मानला तर 6 लाख 12 हजार. चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के जोडले तर 8 लाख 56 हजार 800. ह्याशिवाय दवाखान्याची बिलं, उपचारांच्या काळात बुडालेली मजुरी, वेदना, सोबत राहणाऱ्याचा खर्च, आणि पुढं रॉड काढायचं ऑपरेशन.

ही नुसती मांडणी आहे, निकाल नव्हे. पण फक्त दवाखान्याचं बिल घेऊन सही करणं म्हणजे काय सोडून देणं, ते कळावं म्हणून लिहिलं.

अपंगत्वाबद्दल एक मुद्दा नीट समजून घ्या. डॉक्टर देतात तो टक्का त्या पायाचा असतो. कोर्ट बघतं ते माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला. 2011 च्या राज कुमार खटल्यात हाच फरक समजावलाय. मांडी तेवढीच मोडली तरी टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची कमाई टिकू शकते, गवंड्याला परांचीवर चढताच येत नसेल तर त्याचा धंदा बसतो. म्हणून तो गवंडी होता, किती मजुरी मिळायची, कुणाकडं कामाला होता, हे सांगणारा ठेकेदार साक्षीला आणा. मजुरी रोख मिळत असेल तर ठेकेदाराची वही, मोबाइलवर आलेले पैसे, कामगार मंडळाचं कार्ड, जे असेल ते.

शिवारातला

एवढा फरक असेल तर माझं म्हणणं मागं घेतो. पण वर्षं लागतात ते खरं आहे की नाही?

घटप्रभा_काठ

लागतात. आमचा दावा लोक अदालतीत मिटला. कंपनीचा अधिकारी, आमचा वकील, समोर न्यायाधीश, आकड्यावर घासाघीस झाली. चालवला असता तर कदाचित जास्त मिळालं असतं, पण आई वयस्क होती, तिच्या हयातीत मिळावं असं वाटलं. एक लक्षात ठेवा, लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आकडा मान्य असेल तरच सही.

गोकाक_मिल

वकिलाच्या फीबद्दल कुणीच बोलत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात एजंट फिरतात, "पैसे काही देऊ नका, मिळतील त्यातले 30 टक्के" म्हणून वकालतनाम्यावर सही घेतात. आमच्या गल्लीतल्या पोरानं सही केली, पुढं वकील कोण तेच त्याला माहीत नाही.

शहापूरची_वकील

बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून टक्केवारीची फी घ्यायला वकिलाला मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती घ्या, आणि रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात येईल हे बघा. कोर्ट बहुधा त्यातला काही भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेतलं स्वतःच्या नावाचं खातं असू द्या.

हुक्केरी_मास्तर

जाता जाता, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस जबरदस्तीनं साक्षीदार करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ. आपल्याकडं लोक अजून "पोलिसांची झंझट" म्हणून बाजूनं निघून जातात. ज्यांनी खानापूरकरांच्या भावाला शिनोळीहून आणलं त्यांना नमस्कार.

खानापूरकर_27

सगळ्यांचे मनापासून आभार. कामाची बातमी देतो. ॲपवर बघितलं, टेम्पोचा विमा अपघाताच्या तारखेला चालू होता. टिळकवाडी_जुने यांचा दुसरा संशय, लायसन्सचा, तो दोषारोपपत्रात कळेल. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "टेम्पोची धडक" असं स्पष्ट आहे. कन्नड जबाब मास्तरांच्या ओळखीच्या एकांनी वाचून दाखवला. बाजू बरोबर आहे, फक्त वेळ सकाळची लिहिलीय, अपघात संध्याकाळचा. आत्याला बेळगावातच कोर्ट आहे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. बाँडवर सही केलेली नाही. सोमवारी कागद घेऊन वकिलांकडं जातोय. त्या वेळेच्या चुकीचं काय करू?

शहापूरची_वकील

जबाबावर स्वतः खाडाखोड करू नका, कुणालाही करू देऊ नका. चंदगडच्या तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की वेळ चुकीची नोंदली गेली आहे, भाऊंचा पुरवणी जबाब घ्यावा. सोबत दवाखान्यात भरती झाल्याची वेळ असलेला कागद जोडा, ती छापील असते. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि पोच घ्या. शपथपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार होईल, ते भाऊंना मराठीत समजावून मगच सही घ्यायला वकिलांना सांगा. सोमवारी आधार, रेशनकार्ड, बिलं, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड मूळ न्या. एक्स-रेच्या फिल्म घडी घालू नका, डॉक्टरांच्या साक्षीत त्या लागतात.

निपाणी_नाका

आणि औषधांची बिलं फिक्या शाईची असतात, वर्षभरात कोरी पडतात. आजच झेरॉक्स काढून ठेवा.